मयत बाईचा हयातीचा दाखला

१

नगरसेविका कल्पिता केणे यांनी ज्या बाईला ‘ही बाई हयात आहे’ असं सही-शिक्क्यानिशी लिहून दिलं, ती बाई दोन महिन्यांपूर्वीच वारली होती. पालिकेच्या दप्तरात तशी नोंद होती, आणि दप्तरातल्या नोंदीपुढे भल्याभल्यांचं काही चालत नाही.

बुधवारी सकाळी हे उघडकीला आलं तेव्हा कल्पिता टिटवाळ्यातल्या आपल्या कार्यालयात बसून गटाराच्या तुटक्या झाकणावरून कुणाशी तरी फोनवर भांडत होती. निवडून येऊन चार महिने झाले होते. त्याआधी ती बालवाडी चालवायची. नगरसेविका झाल्यावर सभागृहात भाषणं करावी लागतील म्हणून तिने आरशासमोर सराव केला होता. प्रत्यक्षात कामं निघाली ती वेगळीच. पाणी का आलं नाही, दिवा का लागत नाही, मेलेलं कुत्रं कोण उचलणार, मुलाला शाळेत घेतील का. बालवाडीत तीस मुलं एकदम ‘बाई, बाई’ करायची, इथे तीस हजार माणसं ‘ताई, ताई’ करत होती, एवढाच काय तो फरक.

देवरामकाकांनी तिच्यापुढे एक पाकीट ठेवलं. ऑफिसचे सगळे दाखले तेच लिहायचे.

“ताई, हे वाचून घ्या. पण आधी पाणी प्या.”

तक्रार प्रितम केणेची होती. नात्याने तिचा चुलत दीर, आणि दोन वेळा निवडून आलेला माजी नगरसेवक. यंदा दोनशे बारा मतांनी कल्पिताकडून पडला होता आणि ते बारा त्याला दोनशेंपेक्षा जास्त बोचत होते. त्याने लिहिलं होतं: रमाई चाळीतल्या भीमाबाई सीताराम ओव्हाळ, वय सहासष्ट, अठरा मार्चला मयत. सोबत मृत्यू नोंदीचा उतारा. आणि याच बाईला निराधार योजनेसाठी नगरसेविकेने बारा मे रोजी हयातीचा दाखला दिला, त्याचीही प्रत. सहायक आयुक्तांनी शुक्रवारी अकरा वाजता खुलाशाला बोलावलं होतं. दाखला खोटा ठरला तर पोलिसात गुन्हा, आणि मग पद रद्द करण्याचा प्रस्ताव.

कल्पिताने पाणी प्यायलं. तिला तो बारा मेचा मंगळवार लख्ख आठवत होता. म्हातारी समोरच्या खुर्चीत बसली होती. दुधाच्या पिशवीत गुंडाळलेलं आधार कार्ड तिने दोरी सोडून बाहेर काढलं होतं. ‘पंखा जरा कमी कर गं बाय’ म्हणाली होती, आणि दोन कप चहा प्यायली होती.

“काका,” कल्पिता म्हणाली, “भीमाबाई मार्चमध्ये गेल्या असतील, तर मग माझ्यासमोर बसून चहा प्यायली ती कोण?”

२

देवरामकाका नजर चुकवून शिक्का पुसत बसले. ते कल्पिताला आवडलं नाही. काका दहा वर्षं प्रितमच्या ऑफिसात होते. नगरसेवक बदलला तरी दाखले लिहिणारा माणूस बदलत नाही, कारण कुठला अर्ज कुठल्या टेबलावर जातो हे त्यालाच माहीत असतं. म्हणून तिने त्यांना ठेवून घेतलं होतं. तेव्हा सासऱ्यांनी बजावलंही होतं, की जुना बैल जुन्याच गोठ्याकडे वळतो.

“कार्ड तुम्ही बघितलेलं ना, काका?”

“या हातांनी बघितलं. खरं कार्ड होतं.”

“आणि फोटो? जुळत होता?”

“ताई, त्या कार्डावरचा फोटो कधी कुणाशी जुळतो का?” काकांचा आवाज चढला. “माझा स्वतःचा जुळत नाही. म्हातारी बाई, डोक्यावर पदर, डोळे बारीक. जुळला म्हणायचा. आणि तुमच्या मनात काय चाललंय ते मला कळतंय. मी प्रितमचं मीठ खाल्लं, नाही म्हणत नाही. पण शिक्का तुमचा असला तरी अक्षर माझं आहे. गुन्हा झाला तर पहिला हात माझा धरतील.”

हे मात्र खरं होतं. स्वतःच्या अक्षरात कोणी स्वतःसाठी फास लिहीत नाही. कल्पिताला शंका घेतल्याची लाज वाटली, पण शंका सगळी गेली असंही नाही.

अर्जावर एक मोबाईल नंबर होता. तिने लावला. कुणा तरुण बाईने उचलला.

“भीमाबाई ओव्हाळ आहेत का? मी नगरसेविका...”

“राँग नंबर आहे. इथे कोण भीमाबाई नाय,” आणि फोन कट. पुन्हा लावला तर बंद.

मग दोघं रमाई चाळीत गेली. काळू नदीच्या अंगाला वीस-बावीस खोल्या, बौद्ध कुटुंबं जास्त, चार-दोन घरं इतरांची. भीमाबाईंच्या दाराला कुलूप होतं. शेजारची माया उंबऱ्यात तांदूळ निवडत होती.

“भीमाबाई कुठे गेल्या?”

“गावाला,” माया वर न बघता म्हणाली.

पलीकडच्या खोलीतला माणूस त्याच वेळी म्हणाला, “दवाखान्यात.” आणि तिसऱ्या दारातली बाई, जिला कोणी विचारलंही नव्हतं, ती म्हणाली, “आम्हाला काय माहीत नाय हां ताई, आम्ही नवीन आहोत.” तिच्या दारावरच्या पाटीवर १९९८ साल होतं.

“बरं, त्या जिवंत आहेत का, एवढं तरी सांगा,” कल्पिता म्हणाली.

मायाचे हात ताटात थबकले. “असलं काय विचारता ताई,” ती म्हणाली, आणि ताट उचलून आत गेली. दार लागलं. मग एकेक करत सगळी दारं लागली. मतं मागायला आली तेव्हा याच दारांत तिला ओवाळलं होतं.

खिडकीची एक फळी तुटली होती. कल्पिताने डोळा लावला. आत अंधार होता, पण समोरच्या भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर ओळखू आली. त्यांच्या बाजूला तिसरा फोटो होता. डोक्यावर पदर घेतलेली म्हातारी, कपाळावर भलंमोठं लाल कुंकू. चेहरा नीट दिसेना.

फोटोला हार घातलेला होता.

३

तिथून कल्पिता स्मशानभूमीत गेली. तिथला गणू नोंदवही छातीशी धरून आला. नदीच्या या बाजूला ती एकच स्मशानभूमी, आणि गणू तिथे वीस वर्षं.

“अठरा मार्च,” तो बोट फिरवत म्हणाला. “पाडव्याच्या आदला दिवस. मी लवकर घरी जाणार होतो, म्हणून लक्षात आहे. तीन सरणं झाली. दोन पुरुष, एक बाई. बाई म्हणजे हीच, भीमाबाई ओव्हाळ. संध्याकाळी साडेपाच.”

“कार्ड बघितलंत?”

“डॉक्टरचा दाखला आणि कार्ड बघितल्याशिवाय मी लाकूड सुद्धा काढत नाही, ताई. हे बघा, झेरॉक्स चिकटवलेली आहे.”

झेरॉक्सवर एक काळा ठिपका होता, त्याला पदर होता. गणू जे बोलला ते खरं होतं, हे कल्पिताला पटलं. बाई मेली होती. जळाली होती.

“मयतीबरोबर कोण होतं?”

“सगळी रमाई चाळ. खांद्यावरून आणलेली, गाडी नव्हती.” गणू थांबला. “एक गोष्ट लक्षात राहिली. मडकं एका म्हातारीने धरलेलं. बाईमाणूस पुढे मडकं घेऊन चालतंय हे आपल्याकडे दिसत नाही. पाठीत वाकलेली, पण कुणाला हात लावू देईना. तिनेच फोडलं.”

“मडकं फोडलं?” कल्पिता म्हणाली. “ओव्हाळ म्हणजे बौद्ध मंडळी. ती त्रिसरण म्हणतात. मडकं कशाला फोडतील?”

“ते तुम्ही नगरसेवकांनी शोधायचं,” गणू म्हणाला. “मी लाकडं मोजतो.”

घरी पोचली तर ओट्यावर प्रितम बसलेला. सासऱ्यांच्या, म्हणजे काळुरामबाबांच्या, पाया पडून चहा घेत होता. गावात निवडणुका कितीही लढा, काकाच्या ओट्यावरचा चहा चुकवता येत नाही.

“वहिनी, टेन्शन नको घेऊ,” तो म्हणाला. “राजीनामा देऊन टाक, तक्रार मी मागे घेतो. घरातली गोष्ट घरात.”

“ती बाई तू पाठवलेलीस?”

“कुठली बाई?”

“माझ्यापुढे बसून भीमाबाई म्हणून दाखला घेऊन गेलेली.”

प्रितम उभा राहिला. “एकवीरा आईशपथ, मी कुणाला पाठवलेलं नाही. मी दर महिन्याला मयतांची यादी काढतो. मेलेली माणसं मतदार यादीत राहिलेली असतात, ती कमी करायचीयेत मला. दोनशे बाराचा हिशोब आहे माझा. तहसीलला गेलेलो, तिथे तुझे दाखले बघितले, यादी लावून बघितली, नाव सापडलं. बस. बाई कोण ते तूच सांग.”

काळुरामबाबांनी कप खाली ठेवला आणि मान हलवली. त्यांच्या घराण्यात एकवीरेची खोटी शपथ घेऊन कोणी सुखाने झोपलं नव्हतं, आणि प्रितमला झोप फार प्रिय होती. म्हणजे सापळा प्रितमने लावलेला नव्हता.

मग तर आणखीनच कठीण होतं. कोणीही काहीही केलेलं नव्हतं, आणि तरी मेलेली बाई चहा पिऊन गेली होती.

४

गुरुवारी सकाळी कल्पिता भाकरीला हात न लावता बसून राहिली. पद जाईल याचं तिला वाईट वाटत होतं, खोटं कशाला बोला. पण त्याहून जास्त लागत होतं ते दुसरंच. तिची सही खोटी ठरणार होती. बालवाडीत मुलांच्या वहीवर ‘छान’ लिहितानाही तिने कधी खोटं लिहिलं नव्हतं.

“काय झाला गो सूनबाय? जेव आधी,” काळुरामबाबा म्हणाले. “कवा गेली म्हंतंस ती बाय?”

“पाडव्याच्या आदल्या दिवशी, बाबा.”

“त्या दिवशी तं तू गेलीवतीस ना मयतीला? हार घेऊन? मीच बोललू, लग्नाला नाय गेलीस तं चालंल, मयतीला गेलीच पायजे.”

कल्पिताने बाबांकडे बघितलं. मग धावत जाऊन डायरी आणली. निवडून आल्यापासून ती रोजची कामं लिहून ठेवायची, बालवाडीची सवय. अठरा मार्च: सकाळी पाण्याचा व्हॉल्ववाला आला नाही. अकराला साखरपुडा. दुपारी चारला रमाई चाळ, शकूमावशींची मयत, पांढरा हार.

शकूमावशी. चार महिन्यांत तिने इतक्या मयतींना हार घातले होते की चेहरे एकात एक मिसळले होते. ती चाळीत हार घालून परतली होती, स्मशानात गेली नव्हती.

तिने वॉर्डाचा व्हॉट्सॲप ग्रुप उघडला. प्रितम त्यावर रोज कुणा ना कुणाला श्रद्धांजली वाहायचा आणि खाली पन्नास जण हात जोडायचे. कल्पिता ते न वाचता पुढे ढकलायची. आज तिने बोटाने मार्चपर्यंत मागे नेलं. अठरा तारीख, संध्याकाळी सहा दहा: ‘रमाई चाळीतील शकूमावशी यांचे दुःखद निधन. त्यांच्या अंत्ययात्रेत सहभागी होताना आपला प्रितम.’ फोटोत तिरडीला प्रितमचा खांदा होता, आणि पुढे हातात मडकं घेतलेली, पाठीत वाकलेली एक म्हातारी होती.

कल्पिताने फोटो मोठा केला. पंखा कमी कर म्हणणारीच होती ती.

आता सगळं एका रांगेत उभं राहिलं. चाळीतून चार वाजता मयत निघाली ती शकूमावशींची. साडेपाचला स्मशानात पोचली ती भीमाबाईंची. त्या दिवशी तिथे बाईचं सरण एकच झालं होतं. तिरडी वाटेत बदलत नाही. बदललं असेल ते नाव. म्हणून मडकं फुटलं, कारण मेलेली बाई बौद्ध नव्हती. म्हणून भिंतीवरच्या फोटोत कुंकू होतं. आणि गणूने ज्या बाईची नोंद केली, ती बाई स्वतःच्याच मयतीपुढे मडकं घेऊन चालत आली होती.

कोणी बदललं आणि का, तेवढंच राहिलं होतं. आणि तो नंबर अजून बंदच होता. कल्पिताने मेसेज टाकला: ‘मी पोलीस नाही. शकूमावशींच्या मयतीला मी आले होते. पांढरा हार माझा होता. मला भीमाबाईंना त्रास द्यायचा नाही.’

बाराच्या सुमाराला फोन वाजला. कालचाच तरुण आवाज, पण रडवेला.

“मी प्रियांका, त्यांची मुलगी. कळव्याला या ताई. आई बोलते म्हणते.”

५

कळव्याच्या त्या दोन खोल्यांत भीमाबाई जमिनीवर बसल्या होत्या. कल्पिताला बघून उठायला लागल्या, तिने त्यांना खांद्याला धरून बसवलं. खांदा गरम होता, हाडं हाताला लागत होती. बाई चांगली जिवंत होती. कल्पिताचा जीव भांड्यात पडला, आणि कालपासून पहिल्यांदा तिला मनापासून हसू आलं.

“हसते काय गं?” भीमाबाई म्हणाल्या.

“तुम्ही आहात म्हणून हसते, आजी. आता सांगा. शकूमावशींचं नाव कुठे गेलं?”

भीमाबाईंनी पदराने तोंड पुसलं.

“तीस वर्षांमागे ती माझ्या दारात आली. खाडीवरच्या मिठागरातली, तुमच्या जातीतलीच. नवरा मारायचा म्हणून अंगावरच्या लुगड्यानिशी पळून आलेली. मी म्हटलं, राहा. राहिली ती राहिलीच. मी धुणीभांडी केली, तिने पण केली. पण कागद एक नाही. ना रेशनला नाव, ना मताला. कार्ड काढायला चार वेळा नेली मी तिला. लहानपणापासून मीठ ओढून बोटं पार झिजलेली. मशीनवर ठेवली की ठसाच उमटेना. चौथ्या वेळी म्हणाली, ‘राहू दे भीमे. मशीनला मी दिसत नाय.’”

प्रियांकाने पाणी दिलं. भीमाबाईंनी ते हातातच धरून ठेवलं.

“पाडव्याच्या आधी गेली. झोपेतच. डॉक्टर नवीन होता, बदलीवरचा. म्हणाला, कार्ड आणा. नाही म्हटलं तर बोलला, मग बेवारस, पोलिसांना कळवावं लागेल, चिरफाड होईल. बेवारस म्हणे! मी तिथे उभी असताना बेवारस? मी घरात गेले आणि माझं कार्ड आणून दिलं. त्याने बघून लिहिलं. म्हातारी ती म्हातारी. त्याला काय कळतंय?”

“म्हणजे तुम्ही स्वतःलाच मेलेलं लिहून घेतलंत, आजी.”

“तसं कुठं?” भीमाबाई चिडल्या. “नळाच्या लायनीत नाही का आपण एकमेकीच्या हंड्यावर भरून घेत? तिला नव्हतं, माझं दिलं. आणि कार्ड तर त्यांनी परत दिलं! मेलेल्या माणसाचं कार्ड कोणी परत देतं का? म्हणून तर मी दाखल्याला आले ना तुझ्याकडे. मनात पाप असतं तर आले असते?”

मग मागच्या आठवड्यात बहुधा प्रितमचाच कोणी माणूस कागद घेऊन चाळीत विचारत आला, भीमाबाई कधी वारल्या म्हणून. तेव्हा सगळ्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. चाळीने म्हातारीला रातोरात लेकीकडे पाठवलं, आणि काय सांगायचं ते ठरवायला मात्र विसरली.

“आता जेल होईल का गं?” भीमाबाईंनी विचारलं.

कल्पिताचं हसू गेलं. उद्या भीमाबाईंना नुसतं समोर उभं केलं तरी तिची स्वतःची सही खरी ठरत होती. पण मग लगेच विचारलं जाणार, जळालं कोण? गणू अडकला असता, तो डॉक्टर अडकला असता, आणि खरं सांगितलं तर ही म्हातारी. आणि भीमाबाई आल्याच नाहीत तर कल्पिता संपली.

“आजी, मी खोटं सांगणार नाही, होऊ शकेल त्रास. तुम्ही उद्या नाही आलात तरी मी इथला पत्ता कुणाला देणार नाही. माझं मी बघेन.”

भीमाबाईंनी हातातलं पाणी एका दमात संपवलं.

“उद्या किती वाजता?” त्यांनी विचारलं.

६

शुक्रवारी सहायक आयुक्त मॅडमच्या खोलीत प्रितम कडक इस्त्रीचा शर्ट घालून आधीच बसला होता. देवरामकाका दाराशी उभे होते आणि सारखा घाम पुसत होते.

“मॅडम, बाई मयत आहे, उतारा आहे,” प्रितम म्हणाला. “आणखी काय पाहिजे?”

“बाई बाहेर बसली आहे,” कल्पिता म्हणाली. “आत बोलावू?”

भीमाबाई आल्या. खुर्ची दिली ती नको म्हणाल्या, उभ्याच राहिल्या. सगळं सांगितलं, मिठागरापासून मडक्यापर्यंत. कल्पिताने मध्ये एक शब्द घातला नाही. नगरसेवकाचं काम म्हणजे लोकांच्या वतीने बोलणं असं तिने ऐकलं होतं. कधी कधी ते गप्प बसणंही असतं, हे तिला त्या दिवशी कळलं.

“आजी, दुसऱ्याच्या मयतीला स्वतःचं कार्ड देणं हा गुन्हा आहे,” मॅडम शेवटी म्हणाल्या.

“असेल बाई. तिला बेवारस म्हणू द्यायचं, हा कोणता गुन्हा आहे?”

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“फायद्यासाठी केलेलं नाही, हे उघड आहे. अज्ञानाने झालेली चूक म्हणून मी शेरा लिहू शकते, आणि नोंद दुरुस्त होऊ शकते. पण त्या दिवशी वारलेली बाई शकूच होती, हे सांगणारे दोन जाणते साक्षीदार लागतील. नातेवाईक नकोत, चाळीतले नकोत. सही करून जबाबदारी घेणारे हवेत.”

“एक मी,” कल्पिता म्हणाली. “मी हार घातला होता. डायरीत नोंद आहे.”

“आणि दुसरा?”

कल्पिताने मोबाईल टेबलावर ठेवला आणि प्रितमपुढे सरकवला. प्रितमने स्वतःचा फोटो बघितला, स्वतःची श्रद्धांजली वाचली, आणि त्याचे कान लाल झाले.

“खांदा दिलेलास तू, प्रितम. नाव तूच लिहिलंयस. आता सांग, तू कुणाला खांदा दिलास? शकूमावशीला, की समोर उभ्या आहेत त्या भीमाबाईंना?”

तक्रार बुडत होती, दोनशे बाराचा हिशोब बुडत होता. त्याने भीमाबाईंकडे बघितलं. त्या त्याच्याकडेच बघत होत्या, आणि त्यांच्या बघण्यात राग नव्हता.

“शेवटपर्यंत खांदा बदलला नाहीस तू,” भीमाबाई म्हणाल्या. “लक्षात आहे माझ्या.”

“मावशी माझ्या आईला गोधड्या शिवून द्यायची,” प्रितम खालच्या आवाजात म्हणाला. मग खिशातून पेन काढलं. “द्या मॅडम. कुठे करू सही?”

देवरामकाका तिथेच दाराच्या चौकटीला टेकून खाली बसले आणि मोठ्याने म्हणाले, “सुटलो बाबा!” मॅडमसुद्धा हसल्या. कल्पिताला हसावं की रडावं कळेना, म्हणून तिने दोन्ही केलं.

मग क्लार्कने नवा अर्ज भरायला घेतला. “मयताचं पूर्ण नाव?”

“शकू.”

“वडिलांचं किंवा नवऱ्याचं?”

“वडलांचं तिने कधी सांगितलं नाही. नवऱ्याचं लावायचं नाही. त्याच्यापासून तर पळालेली.”

क्लार्कने मॅडमकडे बघितलं. “नुसतं शकू लिहा,” मॅडम म्हणाल्या.

“माहिती देणाऱ्याचं मयताशी नातं?”

भीमाबाई पहिल्यांदाच अडखळल्या. “नातं नाही. ती या ताईच्या जातीची, मी बौद्ध. आम्ही नुसत्या एकत्र राहायचो.”

“काहीतरी लिहावं लागेल, आजी. रकाना रिकामा चालत नाही.”

आठ दिवसांनी कल्पिता तो मृत्यूचा दाखला घेऊन स्वतः रमाई चाळीत गेली. भीमाबाईंची नोंद रद्द झाली होती, त्या सरकारदरबारी पुन्हा जिवंत होत्या, पण त्याचा कागद त्यांनी न बघताच बाजूला ठेवला. दुसरा हातात घेतला. शकूच्या नावाने निघालेला तो पहिला सरकारी कागद होता. भीमाबाईंना अक्षर येत नव्हतं. मायासकट सगळी चाळ दारात गोळा झाली.

“वाच,” भीमाबाई म्हणाल्या.

कल्पिताने वाचलं. नाव, शकू. पत्ता, रमाई चाळ, टिटवाळा. माहिती देणार, भीमाबाई सीताराम ओव्हाळ. मयताशी नातं, मैत्रीण.

“असं लिहिलंय? छापून?”

“छापून. वर पालिकेचा शिक्का आहे.”

भीमाबाईंनी कागदावरून हात फिरवला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते त्यांनी पुसलं नाही.

“परत वाच,” त्या म्हणाल्या. “ते शेवटचं.”